चिकाचा पहिला वाटा

दुसऱ्याच्या तापाला ‘बरं झालं’ असं मी आयुष्यात एकदाच म्हणालो आहे, आणि तेही भर गोठ्यात, निम्म्या गावाच्या देखत. त्या दिवशी मला मार बसला नाही याचं एक कारण म्हणजे ताप माणसाला नव्हता, कालवडीला होता. दुसरं कारण पुढे येईल.

मी जनावरांचा डॉक्टर. नगरच्या गल्लीबोळांत वाढलो, कॉलेज मुंबईला केलं आणि सरकारनं पहिली नेमणूक दिली ती जामखेड तालुक्यात. त्या काळी नगरमध्ये कुणाची जामखेडला बदली झाली की लोक आवाज खाली आणून विचारत, ‘काय भानगड केली होती हो त्यांनी?’ माझी नोकरीच नवी होती, भानगड करायला वेळ तरी कुठे मिळाला होता? दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर जनावर अडकवायचा लाकडी खोडा आणि एक ड्रेसर. तो वयानं माझ्यापेक्षा मोठा आणि बोलायला महाकंजूष होता. फ्रीज नव्हता. लस यायची ती नगरहून एस.टी.नं, थर्मासात बर्फ घालून. आमच्या हाती बर्फ पडणार की नुसतं पाणी, हे वाटेत कंडक्टर किती वेळ चहा पीत बसतो त्यावर ठरायचं. मी तेव्हा फार लवकर चिडत असे. आता वयानं राग कमी झालाय असं मी म्हणतो, घरचे म्हणत नाहीत.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरचं हे वर्ष. जनावरं छावण्यांतून परत आली होती, म्हणजे जी उरली होती ती. रिकाम्या दावणी घरोघर दिसायच्या. ज्याच्या गोठ्यात एखादी गाय परत आली होती, तो माणूस तिच्याकडे सारखा जाऊन उभा राहायचा, काही काम नसताना. अशीच एक गाय तालुक्याच्या आतल्या एका गावात वहिनींची होती. वहिनी हे काही माझं नातं नव्हे. त्यांचे यजमान मिल्ट्रीत ड्रायव्हर, वर्षातून एकदा घरी येणार. मागं धाकटा दीर, तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून सगळं गाव वहिनी म्हणायचं आणि म्हणून मीही.

या वहिनींनी दुष्काळात सगळ्यांनी सांगूनही गाय विकली नव्हती. उलट छावणीतून गाय घरी आली आणि माजावर आली तशी त्यांनी ती सरळ माझ्या दवाखान्यात चालवत आणली. संकरित वासरासाठी कृत्रिम रेतन करून घेतलेली त्या गावातली ती पहिली गाय. दीर तर गावभर सांगत सुटला, ‘आमच्या वैनीनं सरकारी जावई केलाय.’ होणाऱ्या वासराला शिंगं असतील की टोपी, यावर पारावर चर्चा झाल्याचं माझ्या कानावर आलं. वहिनींनी कुणाला उत्तर दिलं नाही. मला मात्र एकदा म्हणाल्या, ‘सायेब, मालकाला पत्रात कळीवलंय म्या. घरी येताल तवा दावणीला दुधाची गाय आसंल म्हनून. आता तुमी आन् ती गाय काय करायचं ते करा.’

गायीनं काम चोख केलं. कालवड झाली. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, पाय लांबलचक. पण वार, म्हणजे वासरामागून पडायची झिल्ली, पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी दीर सायकलवर मला न्यायला आला. मी गेलो, हातभर बाही वर करून वार काढली, गोळ्या दिल्या, हात धुतले. वर्णन करण्यासारखं ते काम नाही, पण ते झाल्यावर जी भूक लागते ती दुसऱ्या कुठल्याही कामानं लागत नाही. ओसरीवर बसलो तर वहिनींनी समोर ताटली ठेवली. खरवस! गुळाचा, वेलदोडा घातलेला, सुरी लावली की थरथरणारा. मी पहिला तुकडा उचलला आणि तेवढ्यात कॉलेजातला धडा आठवला: व्याल्यानंतरचं पहिलं दूध, म्हणजे चीक, आधी वासराला. म्हटलं, ‘वहिनी, कालवडीला चीक दिलात ना?’

‘व्हय तर!’ त्या जरा दुखावूनच म्हणाल्या. ‘पैला वाटा तिचाच. तिला देल्याबिगर आमी तोंडात घालतो व्हय?’

मी निर्धास्त झालो आणि दोन ताटल्या संपवल्या. निघताना त्यांनी एका पितळी डब्यात आणखी वड्या भरून दिल्या. तो डबा मी पुढच्या खेपेला लख्ख घासून परत नेला तर वहिनी डब्यात डोकावून हसायला लागल्या. ‘सायेब, चिकाचा डबा रिकामा द्यायचा नसतो. चिमूटभर साखर, गुळाचा खडा, कायतरी घालावं. रिकाम्या डब्यानं दावन रिकामी हुती.’ दीर म्हणाला, ‘जाऊ दे वैनी, नगरची मानसं, त्यास्नी काय ठावं.’ मी चिडलो, पण खिशात शेंगदाणे होते ते काढून डब्यात टाकले. एवढ्यावर तो विषय मिटला असं मला वाटलं.

कालवड दोनेक महिन्यांची झाली असेल. कोवळा घास तोंडात घोळवायला लागली होती. तेवढ्यात शेजारच्या गावात बुळकांडी आली.

आज हा शब्द कुणाला हादरवत नाही, कारण तो रोगच आता जगातून गेला. तेव्हा बुळकांडी म्हटलं की माणसं उभ्या जागी बसायची. आधी ताप, मग डोळ्यांतून पाणी, मग तोंडात हिरड्यांवर कोंडा शिंपडावा तसे चट्टे, मग लाळ, मग हगवण आणि ती एकदा लागली की जनावर पाहता पाहता सुकून जायचं. गोठ्याच्या बाहेरूनच वास यायचा. औषध नव्हतं. दुष्काळातून वाचवून आणलेली जनावरं या रोगाच्या तोंडी द्यायची ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी नगरला तारा केल्या, फोन केले, भांडलो आणि शेवटी थर्मास भरून लस आली.

ती लस बकरीची. म्हणजे बुळकांडीचाच विषाणू बकऱ्यांतून पुनःपुन्हा काढून मवाळ केलेला. तो जिवंत असतो, जनावराच्या अंगात थोडा वाढतो, थोडा ताप आणतो आणि जाताना त्या अंगाला आपली ओळख कायमची देऊन जातो. आपल्या देशी गायीबैलांना ती मानवायची. संकरित जनावरांना मात्र जड जायची, कधी कधी फार जड. त्यांच्यासाठी नवी, सौम्य लस निघाली होती, पण ती माझ्यापर्यंत पोचायची होती. म्हणून वहिनींच्या कालवडीला सध्या टोचायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि तिची मला चिंताही नव्हती. आमच्या सरांनी हा भाग वर्गात फार रंगवून शिकवला होता. विषाणू म्हणजे काय? एक चिठ्ठी. ‘मला आणखी तयार करा’ एवढाच तिच्यात मजकूर. भोवती प्रथिनांचं पाकीट. ही चिठ्ठी पेशीच्या आत पोचली तरच वाचली जाते, आणि आत पोचायचं तर पाकिटावरचं प्रथिन पेशीच्या दाराला चिकटावं लागतं. जनावराच्या रक्तात प्रतिपिंडं असली की ती त्याच प्रथिनाला आधी जाऊन बिलगतात. मग पाकीट दाराबाहेरच पडून राहतं. विषाणू वाढत नाही. आता गंमत अशी की गायीच्या पोटात असताना वासराला आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती सगळी चिकात उतरतात. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत वासरानं चीक प्यायला तर आईची ही शिदोरी त्याच्या रक्तात जाते आणि कित्येक महिने पुरते. छावणीत बुळकांडीची लस आली होती ती थोड्याच जनावरांना पुरली, वहिनींची गाय त्यांतली एक. कालवडीनं चीक घेतला होता, वहिनींनी स्वतः सांगितलं होतं. म्हणजे सध्या तिच्या अंगात बुळकांडीही वाढणार नाही आणि बुळकांडीची लसही वाढणार नाही. जिवंत लस घातली तरी आईची प्रतिपिंडं तिला तिथल्या तिथे गप्प करतील.

गावात पोचलो तर पारावर माणसं जमलेली, पण जनावर एकही नाही. मी थर्मास उघडला, बर्फाच्या पाण्यात लस कालवली. एकदा कालवली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर वाया जाते. लोक नुसते बघत उभे. अखेर वहिनींचा दीर पुढे झाला.

‘डाक्टर, आमची जनावरं छावणीतनं हाडं घिऊन आल्यात. तुमच्या विंजेक्शनानं ताप यतो म्हनत्यात. आदी त्या सरकारी कालवडीला टोचा. तिला काय न्हाई झालं, तर आमी आनतो.’

मी म्हटलं, तिला टोचायचं कारण नाही. झालं. ‘बगा! सरकारी कालवडीला टोचत न्हाईत आन् आमच्या बैलाला टोचत्यात!’ एकच गलका उठला. मी समजावायला गेलो, पण ‘प्रथिन’ आणि ‘प्रतिपिंड’ हे शब्द त्या पारावर कुणी घेईना. मला राग आला. राग आला की माझं डोकं भराभर चालतं आणि तोंड त्याहून भराभर. मी विचार केला, हिला आईचं संरक्षण आहे, लस नुसती विरून जाईल, काहीच होणार नाही, आणि लोकांना हवा तो पुरावा मिळेल. मोठ्यानं म्हणालो, ‘चला, आधी तिलाच टोचतो. आणि सांगून ठेवतो, हिला तापसुद्धा येणार नाही.’

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ‘नक्की ना सायेब?’

‘नक्की.’

त्यांनी कालवडीचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं आणि मी सुई घातली. लोक म्हणाले, आता बघू काय होतं, आणि घरोघर गेले. उरलेली लस मी पाराच्या मागे खड्डा करून ओतली. नगरहून बर्फात जपून आणलेली ती लस मातीत मुरताना बघून मला रडू यायचं बाकी होतं. ड्रेसरनं थर्मासाचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात सायकल आदळली. दीर होता. उतरला नाही, एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, ‘चला. बगा तुमच्या विंजेक्शनानं काय केलंय. आंग नुसतं तव्यावानी तापलंय. दूदबी पीना.’

मी त्याच सायकलवर मागे बसलो. रस्ता खडीचा, दीर मुद्दाम खड्ड्यांतून नेत होता असं मला अजूनही वाटतं. पण माझं लक्ष दुखऱ्या अंगाकडे नव्हतं. डोक्यात एकच हिशेब फिरत होता आणि तो सुटत नव्हता. आईची प्रतिपिंडं असतील तर लसीनं ताप येणार नाही. ताप आलाय. म्हणजे हा लसीचा ताप नव्हे. मग शेजारच्या गावातली खरी बुळकांडीच आली म्हणायची? पण खरी बुळकांडीसुद्धा आईची प्रतिपिंडं असताना शिरायला नको. ती शिरली असेल तर आईकडे प्रतिपिंडं नव्हतीच. म्हणजे छावणीत टोचलेली लसच फुकट गेली. बर्फ वितळून आधीच मेलेली लस टोचली असेल. आणि तसं असेल तर एकटी वहिनींची कालवड नव्हे, त्या छावणीत टोचलेलं गावोगावचं प्रत्येक जनावर उघड्यावर होतं. वहिनींनी ‘नक्की ना’ विचारलं होतं, तो आवाज कानांतून जाईना.

गोठ्यापाशी माणसांची दाटी. वहिनी कालवडीजवळ खाली बसल्या होत्या, हात तिच्या मानेवर. रडत नव्हत्या. माझ्याकडे बघितलंही नाही. मी थर्मामीटर लावला, ताप चांगलाच होता. डोळे जरा लाल, पण वाहत नव्हते. जबडा उघडून हिरड्या पाहिल्या, जिभेखाली पाहिलं, ओठांच्या आतून बोट फिरवलं. स्वच्छ. एकही चट्टा नाही. शेण पाहिलं, घट्ट. गायीला तपासलं, तिला ताप नाही, रवंथ करत उभी. काहीच जुळेना. बुळकांडी म्हणावी तर तोंड साफ, लस म्हणावी तर चीक आडवा येतो.

मी वहिनींजवळ उकिडवा बसलो आणि पुन्हा विचारलं. या वेळी आवाज खाली होता. ‘वहिनी, मला नीट आठवून सांगा. कालवड झाली तेव्हा चीक कधी पाजलात तिला? किती वेळानं?’

‘पाजला?’ वहिनींनी मान वर केली. ‘वार पडल्याबिगर पाजत्यात व्हय कुनी? वार आतच ऱ्हाती मग. तुमी यीस्तवर तिला शेळीचं दूद बोळ्यानं घातलं की.’

‘अहो, पण तुम्हीच म्हणालात, चिकाचा पहिला वाटा तिचा!’

‘मग! हुताच. खरवस झाल्या झाल्या पैली वडी तिचीच काडली. इवलीशी बोटानं जिबीला लावली, चाटली तिनं. गूळ लई आवडला तिला. मगच तुमास्नी वाडला.’

आणि मग, देवाशपथ, मला हसू फुटलं. साधं हसू नाही, पोट धरून. गोठ्यातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी उठलो, कालवडीच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला आणि मोठ्यांदा म्हणालो, ‘बरं झालं! ताप आला ते फार बरं झालं!’

दीर एक पाऊल पुढे आला.

आता मी लगबगीनं सांगायला लागलो, आणि या वेळी प्रथिनांचं नाव काढलं नाही. म्हटलं, चिकात आईची ताकद असते ती कच्च्या चिकात. शिजवला की ती गेली. खरवस घट्ट का होतो? त्या ताकदीचाच गोळा होतो म्हणून. हिच्या वाट्याची आईची ताकद तुम्ही खाल्ली, मी खाल्ली, शेजारपाजाऱ्यांनी खाल्ली, गूळ-वेलदोडा घालून. हिला तिच्यातलं काही मिळालं नाही, नंतर आईला लुचली तोवर वेळ निघून गेली होती. म्हणून हिच्या अंगात लसीला आडवं कुणी आलं नाही. लस आपली सुखानं वाढली. हा ताप त्या लसीचाच आहे. लसीचा ताप येतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशीच, आणि आज चौथा. तोंडात एक चट्टा नाही. बुळकांडी असती तर हिरड्या अशा राहिल्या नसत्या.

लोकांच्या चेहऱ्यावर अविश्वास होता. मग मला एकदम सुचलं. मी शर्टाची बाही वर केली आणि दंडावरचे देवीच्या टोचणीचे वण दाखवले. ‘हे प्रत्येकाच्या दंडावर आहेत ना? लहानपणी टोचणारा यायचा. टोचल्यावर फोड आला, दंड सुजला, पोरगं तापलं, की घरातली म्हातारी माणसं काय म्हणायची?’

मग वहिनींनीच, कालवडीच्या मानेवरचा हात न काढता, सावकाश म्हटलं, ‘उठली म्हनायची. आजी म्हनायची, बरं झालं, देवी उठली. न्हाई उठली तर टोचनारा पुना यायचा.’ आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘म्हंजी सायेब, उठली म्हना की हिची!’

‘उठली!’ मी म्हणालो. माझ्या सगळ्या कॉलेजाचं सार त्या एका शब्दात मावलं, याचा मला हेवा वाटला नाही, नुसतं हायसं वाटलं. वहिनी हसायला लागल्या. डोळे भरले होते आणि हसत होत्या. ‘आन् त्यो खरवस तुमी दोन ताटल्या हाणला की वो!’ मग दाटीतूनही कुणीतरी फिसकन हसलं. मला मार बसला नाही याचं हे दुसरं कारण.

तरी काम संपलं नव्हतं, आणि हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. ही लस संकरित जनावराला जड जाते. ताप उतरेपर्यंत धोका होताच. वहिनींना बाजूला घेऊन मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आता काय करायचं त्ये सांगा.’ मी सांगितलं, सावली, पाणी, घोटघोट दूध, आणि रोज तोंड उघडून बघायचं. त्यांनी माझ्यासमोर एकदा जबडा उघडून पाहून घेतला. मी रोज जात होतो. दीर रोज न्यायला येत होता, आणि तिसऱ्या खेपेपासून खड्डे चुकवायला लागला होता. एका सकाळी आम्ही पोचलो तेव्हा कालवड आईला ढुशा देत होती. थर्मामीटर लावायची गरजच नव्हती, तरी लावला. ताप गेला होता. तोंड गुलाबी, स्वच्छ. मला त्या गोठ्यात इतकं हलकं वाटलं की मी शेणात पाय घातलेला मला घरी जाईपर्यंत कळला नाही.

पुढच्या थर्मासाच्या वेळी पाराभोवती दोरांचा गुंता झाला. बैल, गायी, म्हशी, गावात जेवढी म्हणून जनावरं उरली होती तेवढी. दीर स्वतः शिंगं धरून उभा होता आणि प्रत्येकाला बजावत होता, ‘ताप आला तर घाबरायचं न्हाई. उठली म्हनायचं.’ मी मात्र प्रत्येक कोवळ्या वासरापुढे थांबून विचारत होतो, ‘चीक कच्चा की शिजवलेला?’ सुई हातात धरून डॉक्टर खरवसाची चौकशी करतोय, हे बघून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ज्यांच्या आईला छावणीत टोचलं होतं आणि ज्यांनी कच्चा प्यायला होता, त्यांना मी तेव्हा वगळलं आणि मोठी झाल्यावर पुन्हा येऊन टोचलं. बुळकांडी त्या गावाच्या शिवेपर्यंत आली, बाजाराच्या वाटेवरची जनावरं तिनं नेली, पण त्या पाराच्या आत तिला काही सापडलं नाही. वहिनींचे यजमान रजेवर आले तेव्हा कालवड त्यांच्या खांद्याला टेकत होती. ते मला भेटायला दवाखान्यात आले, सॅल्यूट ठोकला आणि तसेच परत गेले. मिल्ट्रीतली माणसं अशीच.

पुढे मी पुष्कळ वाचलं. त्या विषाणूच्या पाकिटावर कामाची दोन प्रथिनं असतात, एक दाराला चिकटणारं आणि दुसरं दार उघडून आत घुसवणारं. त्यांना धरणारी प्रतिपिंडंच जनावराला वाचवतात. आतल्या चिठ्ठीला गुंडाळून असलेलं एक तिसरं प्रथिन असतं, त्याच्याविरुद्धही अंगात ढीगभर प्रतिपिंडं तयार होतात, पण ती राखण करत नाहीत, नुसती साक्ष देतात की विषाणू येऊन गेला. हे वाचताना मला दर वेळी ती थरथरणारी वडी आठवायची. किती प्रतिपिंडं होती तिच्यात कुणास ठाऊक, सगळी वेलदोड्याच्या वासाची.

माझी बदली नगरला झाली. लग्न झालं. मग एक दिवस त्या गावचा माणूस कोर्टाच्या कामाला नगरला आला तो निरोप घेऊन: कालवड व्याली, वहिनींनी बोलावलंय. मी रविवारी एस.टी. धरली. निघताना बायकोनं घरातला डबा दिला. चिकाचा डबा रिकामा देऊ नये हे मी आता शिकलो होतो, म्हणून आत गुळाचा मोठा खडा टाकला. वाटेत सगळा वेळ मला खरवस दिसत होता, खोटं कशाला बोलू.

गोठ्यात तपकिरी गाय, कपाळावर ठिपका, आणि पायाशी तिच्याच रंगाची कालवड, इतकी तृप्त की उभी राहायलाही आळसावली होती. वहिनींनी डबा घेतला, गूळ काढून गायीला चारला, डबा पदराला पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

‘यंदा रिकामाच न्या सायेब,’ त्या म्हणाल्या. ‘वार पडायची वाट न्हाई बगितली. झाल्या झाल्या तोंडाला लावलं, कच्चाच. समदा तिच्या पोटात गेला. घरात कुनी थेंब चाखला न्हाई, देवापुढंबी न्हाई ठिवला.’

खरं तर एवढ्या दुधाळ गायीचा चीक एका वासराला संपत नाही. तिचं पोट भरून, वर साऱ्या वस्तीला पुरेल एवढा खरवस सहज निघाला असता, आणि हे सांगणं माझं काम होतं. पण दीर मागं उभा राहून मान डोलवत होता, वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी तो डबा तसाच काखोटीला मारला.

घरी आलो तेव्हा बायकोनं मोठ्या आशेनं डबा उघडला. आत बघितलं, उलटा करून बघितला, मग माझ्याकडे.

‘अहो, हा तर रिकामा आहे.’

‘हो,’ मी म्हणालो, ‘बरं झालं.’